बिनस्पर्शाची चोरी

आमच्या वसईत पापडीपासून आचोळ्यापर्यंत कुठेही चोरी झाली, की लोक आधी पोलिसांकडे जातात, मग देवाकडे जातात आणि दोन्हीकडून हात हलवत परतले की माझ्याकडे येतात. निदान येतील, अशी माझी तयारी आहे. मी नरहरी चुरी, खाजगी गुप्तहेर. 'जिथे चोरी, तिथे चुरी' हे माझं ब्रीदवाक्य मी वाडीच्या फाटकावर रंगवून घेतलं आहे. रंगाऱ्याने घाईत दोन शब्दांची अदलाबदल केली आणि फाटकावर 'जिथे चुरी, तिथे चोरी' असं आलं. तेव्हापासून मी कुणाकडे गेलो की लोक बाहेरच्या चपला आत नेऊन ठेवतात.

माझी नजर घारीची आहे. चष्मा काढला तर घुबडाची, तीही भर दुपारच्या. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्याचं काम केलं, त्यामुळे कुठे पाणी मुरतंय हे मला इतरांच्या आधी कळतं. निवृत्तीनंतर सोळा प्रकरणं हाताळली. त्यांतली अकरा आमच्या सौभाग्यवतींच्या, मंदाच्या, चष्म्याची. पहिल्या वेळी चष्मा तिच्याच डोक्यावर सापडला, तेव्हा तिने हसत हसत माझ्या हातावर दहाची नोट आणि रुपयाचं नाणं ठेवलं. म्हणाली, "ही घ्या गुप्तहेरांची फी." ते अकरा रुपये मी डायरीच्या कव्हरात जपून ठेवले आहेत आणि सहा वर्षांत एकदाही मोडलेले नाहीत. माझी आजवरची एकूण कमाई तेवढीच. पण कमाईवरून कलावंताची किंमत करणाऱ्यांनी पुढे वाचूच नये.

माझा सहाय्यक ॲन्सेल्म हा निवृत्त गणित मास्तर आणि माझा बालमित्र. मी तर्क लढवतो आणि तो ते वहीत टिपून घेतो. त्याला टिपायला सांगितलं आहे फक्त तर्क, पण तो बाजूला मार्कही देतो. आजवर मला शंभरापैकी सर्वाधिक बावीस मिळाले आहेत, आणि त्यांतले दहा शुद्धलेखनाचे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. आमच्या पापडीच्या बाजारात रोख रकमेवर लोकांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. नोट उन्हात धरून बघायची, नाणं फळीवर वाजवायचं, सुटे नसतील तर दोन रुपयांचा कढीपत्ता पिशवीत कोंबायचा, ही इथली अर्थव्यवस्था. या अर्थव्यवस्थेच्या मधोमध गोणपाटावर बसून फ्लॉसीबाय पन्नास वर्षं भाजी विकते आहे. मागल्या आठवड्यात तिच्या सुनेने, टिफनीने, तिला पैशांचा बोलका डबा आणून दिला. फोन नुसता त्याच्या जवळ न्यायचा. छोट्या रकमेला पिनसुद्धा नको. पैसे गेले की डबा गावभर ओरडून सांगतो. डब्यावर लिहिलं होतं, 'इथे टॅप करा'.

टॅप म्हटलं की माझे कान उभे राहतात. उभी नोकरी मी टॅपांत काढली आहे. मी डबा खालून-वरून तपासला आणि विचारलं, "याला तोटी कुठाय?"

"नळ नव्हे रे," ॲन्सेल्म म्हणाला. "टॅप म्हणजे टेकवणं. खरं तर टेकवायचंही नाही. बिनस्पर्शाचा व्यवहार."

चार दिवस झाले तरी त्या डब्याने तोंड उघडलं नव्हतं. लोक येत, डब्याकडे साप बघावा तसं बघत आणि खिशातून नोट काढत. शेवटी मी ठरवलं, बाजाराला आधुनिक युगात नेण्याचं काम आपल्यालाच करावं लागणार. अडचण एकच होती. माझा फोन बटणांचा, त्याने डबा काही बोलेना. म्हणून शुक्रवारी सकाळी मंदा वाडीत असताना मी स्वयंपाकघरातल्या फळीवरून तिचा फोन उचलला. तिच्या फोनला कुलूप नसतं. ती म्हणते, "आमच्या घरात चोर कुठाय? गुप्तहेर आहे, त्याला दिलं तरी काही सापडत नाही." गुप्तहेराचा फोन वाजता कामा नये, म्हणून मी त्याचा आवाज बंद करून नुसती थरथर चालू ठेवली आणि ॲन्सेल्मला घेऊन बाजारात नऊच्या ठोक्याला दाखल झालो.

"बरा आलास भाऊ," फ्लॉसीबाय म्हणाली. "भवानी झाली नाही अजून. तुझा हात चांगला आहे, घे काहीतरी."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मी एक किलो वांगी घेतली, फोन काढला आणि जमलेल्या जनतेला उद्देशून चार शब्द बोललो. मग फोन डब्याजवळ नेला. "चाळीस रुपये प्राप्त झाले!" डबा गरजला. शेजारची पाववाली जॉयस दचकून उभी राहिली. कोथिंबीरवाल्याने टाळी वाजवली, बहुधा डास असेल, पण मी ती स्वीकारली. दोन्ही हात जोडून सगळीकडे वळून नमस्कार केला, वांग्यांची पिशवी उचलली आणि विजयी पावलांनी घराकडे निघालो.

देवळाच्या कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं. एका हातात पिशवी. दुसऱ्या हातात काही नाही. खिशात रुमाल, भिंग आणि डायरी. फोन नाही.

मी ॲन्सेल्मचा दंड धरला. "फोन चोरीला गेला."

"मंदावहिनींचा?" ॲन्सेल्मने वही मिटली. आजवर त्याने कधी वही मिटली नव्हती. "नरहरी, आज शुक्रवार ना? बाराला त्यांना दादरहून फोन येणार आहे ना?"

मंदा आमच्या राजेळी केळ्यांची सुकेळी करते. यंदा तिने चाळीस किलो सुकवून, पानात बांधून तयार ठेवली होती. दादरचा एक मोठा दुकानदार ती सगळी एकरकमी घेणार होता आणि बरोबर बारा वाजता फोन करून भाव पक्का करणार होता. फोन उचलला नाही तर तो दुसऱ्याकडे जाणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं. त्याचा नंबर फक्त त्या फोनमध्ये. दोन महिने बाई उन्हात पाठ मोडून केळी उलटत होती, आणि मी तिचा फोन वांग्यांवर घालवला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला गुप्तहेर असल्याची लाज वाटली. पण ती फक्त क्षणभर.

आम्ही उलटपावली बाजारात आलो. साडेनऊ वाजले होते. मी माझ्या बटणांच्या फोनवरून मंदाचा नंबर लावला आणि कान टवकारले. काही ऐकू आलं नाही. फ्लॉसीबाय मात्र बसल्या जागी उडाली.

"आई गो! माझी मांडी!"

"काय झालं?"

"सकाळपासून आत काय थरथरतंय रे देवा. नस दबलीय म्हणाले होते डॉक्टर, आज ती उड्याच मारतेय."

मी सहानुभूती दाखवली आणि लगेच कामाला लागलो. साक्षीदाराच्या दुखण्यात अडकला तो गुप्तहेर संपला.

पहिला तर्क मी तिथेच उभ्या उभ्या मांडला. "ॲन्सेल्म, या डब्याने चाळीस रुपये न शिवता ओढून घेतले. बरोबर? जो पैसे ओढतो, तो फोन का ओढणार नाही? डबा फोडा!"

"फोन डब्याच्या दुप्पट आहे," ॲन्सेल्म म्हणाला.

"घडी घालून ओढला असेल."

फ्लॉसीबायने भोपळा कापायचा कोयता मांडीवर घेतला. "हात लावून तर बघ माझ्या डब्याला." आणि पुढे ती आपल्या घरच्या बोलीत जे बोलली ते मला कळलं नाही, पण ॲन्सेल्मला कळलं, कारण त्याने क्रूसाची खूण केली. वहीत पहिल्या तर्काला शून्य मार्क पडले.

दुसरा संशय जॉयसवर. डबा ओरडला तेव्हा ती उभी राहिली होती. का? आणि आता तिच्या हातात लाल कव्हरचा फोन होता. मंदाच्या फोनचं कव्हरही लालच. मी भिंग काढून तिच्या टोपलीपाशी गेलो.

"जॉयस, हा फोन कुणाचा?"

"माझा."

"पुरावा?"

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर तिचा नवरा सेबॅस्टियन बोकडाला मिठी मारून उभा होता. "यातला उजवीकडचा माझा नवरा," ती म्हणाली. "आणखी काही?"

"डबा ओरडल्यावर उभी का राहिलीस?"

"मला वाटलं लॉटरी लागली कुणाला तरी. पाव घेणार आहेस का? नसशील तर बाजूला हो, गिऱ्हाईक अडतंय."

मी चार पाव उधार घेतले आणि तिला निर्दोष जाहीर केलं.

साडेदहाला तिसरा तर्क सुचला, आणि तो इतका भव्य होता की मला पाण्याच्या टाकीवर बसावं लागलं. आम्ही वांगी घेतली तेव्हा मागून एक टेम्पो गेला होता. टेम्पो कामणच्या दिशेने गेला. कामणला गोदामं. गोदामांत काय असतं? खोकी. खोक्यांत काय असतं? ते कुणालाच माहीत नसतं! म्हणजे वसईभरातले चोरलेले फोन तिथे जमवून परदेशात पाठवणारी टोळी आहे आणि मी तिच्या शेपटीवर पाय दिला आहे.

"तो टेम्पो शेणखताचा होता," ॲन्सेल्म म्हणाला. "तुझ्याच वाडीत आला. वहिनींनीच मागवला होता."

तरी त्याने भव्यतेचे तीन मार्क दिले.

अकरा वाजून गेले. ऊन चढलं. मी पुन्हा एकदा नंबर लावला. पुन्हा फ्लॉसीबाय "आई गो!" म्हणून उडाली. आता मात्र माझ्या डोक्यात वीज चमकली. मी ॲन्सेल्मला बाजूला घेतलं. "बघ. मी फोन लावतो आणि ही थरथरते. मी बंद करतो आणि ही शांत होते. योगायोग?"

"मुळीच नाही," ॲन्सेल्म म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच आशा दिसली.

मी शास्त्रोक्त प्रयोग केला. तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा ती थरथरली. तिसऱ्या वेळी तिने दुधी फेकून मारला.

"सिद्ध झालं!" मी म्हणालो. "माणूस कशाने थरथरतो? भीतीने. फोन लागला की ती थरथरते, म्हणजे फोन लावणाऱ्याला ती घाबरते. म्हणजे या कटाचा सूत्रधार तोच, जो हा फोन लावतो आहे!"

ॲन्सेल्मच्या डोळ्यांतली आशा मावळली. "फोन कोण लावतोय?"

"मी."

मग ॲन्सेल्मने वहीत लिहिलं, 'फाटक बरोबर आहे.'

पावणेबाराला स्कूटरचा ओळखीचा आवाज आला. मी केळीच्या घडामागे लपलो. पण घड अर्ध्याहून जास्त विकला गेलेला होता आणि माझं पोट दोन्ही बाजूंनी दिसत होतं.

"अहो, बाहेर या," मंदा म्हणाली. हात सुकेळीने चिकट, पदर खोचलेला, चष्मा डोक्यावर. "फळीवर फोन नाही. शेजारच्या रेजिनाने सांगितलं, तुम्ही बाजारात पैसे टेकवायला गेलात म्हणून. द्या फोन."

मी सगळं सांगितलं. टोळीसुद्धा सांगितली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. फोन मागायला पुढे केलेला हात तिने हळूच खाली घेतला आणि चौकातल्या घड्याळाकडे बघितलं. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही फ्लॉसीचं पहिलं गिऱ्हाईक होतात?"

"हो. भवानी माझीच."

"फ्लॉसी, ऊठ."

"मी नाही उठणार," फ्लॉसीबाय म्हणाली. "माझी भवानी खाली आहे. संध्याकाळशिवाय मी ती हलवत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"तेच म्हणते मी. आज भवानी काय आली होती?"

फ्लॉसीबाय आठवू लागली. तिचा उजवा हात आपोआप उचलला गेला. जणू हातात काही आहे अशा थाटात तो कपाळाला लागला, छातीला लागला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला, आणि तिथून सरळ मांडीखालच्या गोणपाटात गेला. पन्नास वर्षं दिवसाची पहिली नोट याच वाटेने जात होती. हात बाहेर आला तेव्हा त्यात मंदाचा फोन होता.

"अग्गो बाय," फ्लॉसीबाय म्हणाली. "म्हणजे नस नाही दबली माझी!"

आणि मला तरी कसं कळलं नाही? त्याचंही उत्तर मला आता मिळालं. जन्मभर मी रोखीने खरेदी केली. हातातलं समोरच्याला द्यायचं, पिशवी घ्यायची आणि चालू लागायचं. तिने हात पुढे केला, मी हातातलं दिलं. नमस्कार करायला हात मोकळेच हवे होते. तिच्या सवयीने घेतलं आणि माझ्या सवयीने दिलं. न शिवता करायच्या व्यवहारात आम्ही दोघांनी मिळून फोनला कपाळापासून मांडीपर्यंत शिवून घेतलं होतं.

"ॲन्सेल्म, तुला माहीत होतं?"

"मला थरथरीचं कळलं होतं. पण कोयता तिच्या मांडीवर होता."

"आण इकडे," मंदाने हात पुढे केला. बाराला दोन मिनिटं कमी होती.

फ्लॉसीबायने फोन छातीशी धरला. "मंदा, रागावू नको गो. भवानी परत देत नाहीत."

मी हसलो. मंदा हसली नाही. ती स्वतः माल विकते, तिला ठाऊक होतं. भवानी परत केली की धंद्याला उतरती कळा लागते. एकदा मंदाने पहिल्या गिऱ्हाईकाची केळी परत घेतली होती आणि पुढचा महिनाभर माल काळा पडला होता. फ्लॉसीबायचं पोट या गोणपाटावर आणि मंदाचे दोन महिने त्या फोनमध्ये. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी फुकटचा मध्ये उभा होतो.

तेवढ्यात देवळाची बाराची घंटा झाली आणि फ्लॉसीबायच्या हातात फोन थरथरला.

"दादर!" मंदा किंचाळली.

"परत देणार नाही म्हणाले मी," फ्लॉसीबाय म्हणाली. "बोलणार नाही असं कुठे म्हणाले?" तिने फोन कानाला लावला. "हॅलो! हां, मंदाच्याच कडून बोलतेय. तिचे हात मालात आहेत. बोला."

मंदा तिच्या दुसऱ्या कानात कुजबुजली, "सातशे सांग. साडेसहाशेपर्यंत उतर."

"आठशे," फ्लॉसीबाय म्हणाली.

मंदाने तोंडावर पदर घेतला.

"महाग? मग घ्या ना कुठे स्वस्त मिळतात तिथून. घेऊन मला पण सांगा, मी पण तिथूनच घेईन... कसली सूट? अहो, केळं उन्हात सुकतं, भाव नाही सुकत... काय म्हणता? सातशे? हे बघा, माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे, दाढीवालं, गाडी घेऊन आलंय." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी शक्य तितका श्रीमंत दिसायचा प्रयत्न केला. "हां. आठशे. चाळीस किलो. पिशव्यांचे वेगळे. उद्या सकाळी माणूस पाठवा. ठेवते."

सगळा बाजार ऐकत होता. जॉयससुद्धा पाव मोजायची थांबली होती. मंदाने फ्लॉसीबायच्या गळ्यात हात टाकले, तेही चिकट हात, आणि दोघी टोमॅटोच्या पाटीत जवळजवळ कोसळल्या.

"आता तरी देशील फोन?" मी विचारलं.

"देणार नाही. विकीन," फ्लॉसीबाय म्हणाली. "परत देणं वेगळं, विकणं वेगळं. अकरा रुपये. रोख."

मंदा घाईत आलेली, पाकीट घरी. ॲन्सेल्म माझ्याबरोबर असताना पैसे घरीच ठेवतो. आणि मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रोख रक्कम न घेता घराबाहेर पडलो होतो. आधुनिक युग.

मी डायरी काढली. कव्हरातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं बाहेर काढलं. माझीही ती भवानीच होती. पण आज गुन्हा माझाच होता. मी ते अकरा रुपये फ्लॉसीबायच्या हातावर ठेवले आणि तिने फोन मंदाला दिला.

मंदा फोनकडे बघत नव्हती. ती त्या नोटेकडे बघत होती. नोटेच्या कोपऱ्यावर तिच्याच हातची तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नीट बघितलं.

"अजून जपून ठेवलेत?" तिने विचारलं. मी भिंग पुसायला लागलो.

"फ्लॉसी," ती म्हणाली, "ही नोट आणि नाणं मला विक."

"कितीला?"

"अकरालाच."

"मग मला काय सुटलं?"

"फ्लॉसी!"

"बरं बाय, घे. भवानी थोडीच आहे ती."

मंदाने नोट घडी करून, नाण्यासकट माझ्या डायरीच्या कव्हरात परत सरकवली. डायरी माझ्या खिशात घातली आणि वरून एकदा थोपटली. मग फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून तिने तो डब्याजवळ नेला.

"अकरा रुपये प्राप्त झाले!" डबा ओरडला.

फ्लॉसीबायचा उजवा हात सवयीने पुढे आला. आम्ही तिघेही एकदम ओरडलो.